पाडव्यापर्यंत मुदत आहे

तमाम लोकांस, आणि त्यातही मालिशच्या धंद्यातल्या माझ्याच माणसांस, या लेखाने जाहीर कळवते की यापुढे मी गप्प बसणार नाही. मसाज, मालिश, अभ्यंग, स्पा थेरपी, नस मोकळी करणं, हाड बसवणं, बाळंतिणीचं अंग रगडणं, नाव काहीही असो. जे पैसे घेऊन दुसऱ्याच्या अंगाला हात लावतात, आणि जे तो हात शिकवतो म्हणून कागद विकतात, त्यांना येत्या गुढीपाडव्यापर्यंत मुदत आहे. त्यानंतर मी काय करणार तेही सांगते. आधी ही वेळ का आली ते ऐका.

मी मिरजेत २६ वर्षं मालिशचं काम करते. माझी आजी कृष्णाकाठच्या गावांत बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची, तिच्या हाताखाली मी शिकले. पुढे एका आयुर्वेद महाविद्यालयात वर्षभराचा पंचकर्म सहाय्यकाचा अभ्यास केला, वैद्यांच्या देखरेखीखाली आठ वर्षं राबले आणि मग स्वतःची खोली थाटली. ज्यांच्याकडे आज बोट दाखवते आहे ते मला परके नाहीत. त्यांचं तेल तेच माझं तेल, आणि त्यांची बदनामी झाली की तिचा वाटा माझ्याही दारात येतो.

गेल्या श्रावणात दुपारी चारच्या सुमाराला एक बाई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दारात उभी राहिली. पोराचा उजवा हात कोपरात काटकोनात वाकलेला, तसाच पोटाशी धरलेला. पेरूच्या झाडावरून पडला होता. गावाजवळच्या एका मसाज केंद्रात २२ दिवस, सकाळ-संध्याकाळ, गरम तेलाने ते कोपर रगडलं होतं. दर वेळी शेवटी दोघांनी धरून हात सरळ करायला ओढायचा. पोरगं ओरडायला लागलं की आईला बाहेरच्या बाकावर बसवायचे. मी दंडाच्या पुढच्या बाजूला, कोपराच्या जरा वर, नुसती बोटं टेकवली. मऊ मांस लागायला हवं तिथे लाकडाच्या गाठीसारखं टणक लागलं. तेलाची वाटी उचलून ठेवली, हात धुतले आणि त्या दोघांना घेऊन तशीच हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

एक्स-रेमध्ये हाडाच्या पुढे, जिथे काहीच दिसायला नको, तिथे पांढुरका ढग उतरला होता. डॉक्टरांनी आईला समजेल अशा शब्दांत सांगितलं. कोपराला जबर मार लागला की आतल्या स्नायूत रक्त साकळतं. ते स्वस्थ राहू दिलं तर हळूहळू विरतं. रगडलं, ओढलं, तर त्या स्नायूतच हाड धरायला लागतं आणि सांधा जागच्या जागी अडकतो. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. दुखावलेल्या कोपराला मालिश करायची नाही, हे अस्थिरोग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला घोकून घोकून शिकवलेलं असतं, कारण आपल्याकडे पडलेल्या पोराचं कोपर सगळ्यात आधी मालिशवाल्याच्या हातात जातं. त्या मुलाचा उजवा हात आज तोंडापर्यंत पोचत नाही. तो डाव्या हाताने जेवतो. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे तो गोळा पुरता पिकल्यावर ठरेल, म्हणजे आणखी कित्येक महिने.

बाहेर पडताना आई मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती. "सर्टिफिकेट होतं हो ताई भिंतीवर. मोठ्या फ्रेमीत."

दुसऱ्या दिवशी मी ती फ्रेम बघायला गेले. सोनेरी किनार, खाली लाल मोहोर, वर 'इंटरनॅशनल' हा शब्द, आणि मधे लिहिलेलं की या व्यक्तीने मसाज, ॲक्युप्रेशर आणि अस्थिसंधान या तिन्ही विषयांचं तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण केलं आहे. तीन विषय, तीन दिवस. ज्याचं नाव त्यावर होतं तो पोरगा बावीस-तेवीसचा असेल. मी विचारलं, सुजलेल्या सांध्याचं काय करायचं असतं रे? तो म्हणाला, "मावशी, सूज म्हणजे आत घाण साचलेली असते, ती निघेपर्यंत जोर लावायचा असं सरांनी शिकवलंय." खोटं बोलत नव्हता. त्याच्या आईने बचत गटातून कर्ज काढून त्या शिबिराचे पैसे भरले होते. त्याने मला सरांचं पुस्तक दाखवलं, चाळीस पानांचं, झेरॉक्स केलेलं. त्यात तेलांची नावं होती, कमाईचा हिशोब होता, जाहिरात कशी करावी ते होतं. कोणाला मालिश करू नये, यावर एक ओळ नव्हती.

माझा पहिला आणि सगळ्यात कडक इशारा त्या सरांना आहे, आणि त्यांच्यासारखं हॉलमध्ये सतरंजी टाकून, एकमेकांच्या पाठीवर हात फिरवायला लावून, चौथ्या दिवशी फोटो काढून कागद वाटणाऱ्या प्रत्येकाला. तुम्ही त्या पोराला धंदा दिला नाही. त्याच्या हातून एका लेकराचं कोपर घालवलंत आणि स्वतः पुढच्या तालुक्यात बॅच लावायला गेलात.

प्रमाणपत्र आणि परवाना यांत फरक आहे आणि तो लोकांना कोणी सांगत नाही. प्रमाणपत्र म्हणतं, हा माणूस अमुक एक शिकला. परवाना म्हणतो, हा माणूस आमच्या वहीत आहे, त्याने चूक केली तर आमच्याकडे या, आम्ही त्याचं नाव खोडू. परवान्याची सगळी किंमत तो काढून घेता येतो यात आहे. डॉक्टरचं नाव वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीतून खोडता येतं, वकिलाची सनद रद्द होते, रिक्षावाल्याचा बॅज जप्त होतो. मालिशवाल्याचं काय काढून घेणार? फ्रेम? तो उद्या दुसरी लावेल.

महाराष्ट्रात फिजिओथेरपीला २००२च्या कायद्याने परिषद मिळाली, पदवी आहे, नोंदणी आहे. २०२१मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यातही फिजिओथेरपिस्ट आहेत. आयुर्वेदाच्या पदवीधराची नोंदणी वेगळ्या परिषदेकडे होते. आमच्यासाठी, म्हणजे जे प्रत्यक्ष दिवसभर हात चालवतात त्यांच्यासाठी, कायद्याने ठेवलेली वही या राज्यात नाही. कौशल्य विकासाच्या चौकटीत असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि पंचकर्म टेक्निशियन असे अभ्यासक्रम आहेत, शेकडो तासांचे, परीक्षा बाहेरचा माणूस घेतो, प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो आणि तो मोबाइलने तपासता येतो. ते चांगलं आहे, मी माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना तेच करायला लावते. पण ते घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. कष्टाने घेतलेला तो कागद आणि हॉलमधला कागद एकाच भिंतीवर, एकाच आकाराच्या फ्रेमीत टांगता येतात.

त्या भिंतीवर आणखी काय काय टांगतात तेही लोकांनी नीट बघावं. गुमास्ता असतो. गुमास्ता म्हणजे दुकानाची नोंद. किराणा दुकानालाही तो असतो आणि मोबाइल दुरुस्तीच्या टपरीलाही. उद्यम नोंदणी असते. ती कोणताही छोटा व्यावसायिक घरी बसून फुकट ऑनलाइन करतो. आयएसओ ९००१ असतं. ते कारभाराच्या पद्धतीचं मानक आहे, अंगठा मणक्यावर किती दाबायचा ते त्यात लिहिलेलं नसतं. या तीन कागदांच्या जोरावर पाटीवर 'सरकारमान्य' लिहिणारी केंद्रं मी सांगलीपासून पुण्यापर्यंत पाहिली आहेत. हे लबाडीचं आहे, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्धांगवायू बरा करतो, संधिवात मुळापासून काढतो अशा जाहिराती करणाऱ्यांसाठी तर १९५४चा औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या यादीत हे दोन्ही रोग आहेत. निदान करून औषध द्यायला लागलात तर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१चं कलम ३३ आहे, ज्याखाली बोगस डॉक्टर पकडले जातात. परवाना नाही म्हणून कायदाच नाही अशा समजात कोणी राहू नये.

मालिशने काय एवढं होणार, तेलच तर लावतो, असं म्हणणाऱ्यांसाठी आता जरा सविस्तर सांगते.

लांबच्या प्रवासाहून आलेल्याचा, पायाचं प्लास्टर नुकतं काढलेल्याचा, मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेल्याचा किंवा बाळंत झालेल्या बाईचा पाय बघा. एकच पोटरी सुजलेली असेल, हाताला गरम लागत असेल, दाबलं की कळ येत असेल, तर आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिच्यावर हात चालवला तर ती सुटू शकते आणि रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकू शकते. दिल्लीत २०१६मध्ये घोट्याच्या दुखापतीनंतर प्लास्टर काढलेल्या एका तरुणाच्या दुखऱ्या पायाला घरच्याच माणसाने मायेने मालिश केली आणि तो दगावला. एम्सच्या न्यायवैद्यक डॉक्टरांनी ते प्रकरण नियतकालिकात नोंदवून ठेवलं आहे. घरच्या माणसाला ठाऊक नव्हतं, त्याला दोष देता येत नाही. पैसे घेणाऱ्याला ठाऊक नसणं हा गुन्हा आहे.

मानेचंही तेच. सलूनच्या खुर्चीत डोक्याची चंपी झाली की शेवटी हनुवटी धरून कट्‌कन मान मोडतात, गिऱ्हाइकालाही तो आवाज आवडतो. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या तिथेच असतात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि माणसाला पक्षाघात होऊ शकतो. नुसतं केस धुताना मान मागे बेसिनवर फार वेळ ताणून ठेवली तरी असं घडलेलं आहे. मायकेल वाइनट्रॉब या अमेरिकन मेंदुविकारतज्ज्ञाने १९९३मध्ये त्याला ब्यूटी पार्लर स्ट्रोक असं नावच दिलं. आणि हाड बसवणारे जी घट्ट पट्टी बांधतात तिच्याखाली रक्त अडलं तर काही तासांत हाताचे स्नायू मरतात, पंजा पक्ष्याच्या नखीसारखा आखडतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१मध्ये याचं वर्णन केलं. एवढी वर्षं झाली, आणि अजून आमच्या भागात बांबूच्या कामट्या आणि चिंधी आवळून बोटं काळीनिळी होईपर्यंत 'दुखणारच, हाड बसतंय' म्हणतात.

परंपरेचं नाव घेऊन कोणी उत्तर देऊ नये. परंपरेत हे सगळं होतं. वाग्भटाने अष्टांगहृदयात अभ्यंग रोज करावा म्हटलं आणि तिथेच, लगेच, कफाने ग्रासलेल्याला, नुकतं शोधन म्हणजे शरीरशुद्धी झालेल्याला आणि अजीर्ण झालेल्याला करू नये असंही सांगितलं. मी लहान असताना आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम होती. तिथले वस्ताद पहिलवानांच्या अंगात तेल मुरवायचे ते बघायला आम्ही पोरं खिडकीला लटकायचो. एकदा एका पट्ठ्याचा गुडघा कुस्तीत पिरगळला आणि बघता बघता भोपळ्यासारखा झाला. चारजण तेल घेऊन धावले. वस्तादांनी हात आडवा धरला आणि म्हणाले, "कुणी शिवायचं नाही. गाडी बघा, दवाखान्यात न्या." त्यांना अक्षर येत नव्हतं. कुठे थांबायचं ते येत होतं, आणि माझ्या दृष्टीने आमच्या विद्येची परीक्षा तिथेच होते.

आता मालिशवाल्या मावश्यांशी बोलते. तुमच्याशी बोलताना माझा आवाज चढत नाही, कारण तुम्ही माझ्या आजीच्या जागी आहात. पण सूट देणार नाही. बाळाची छाती पिळून 'दूध' काढणं आजपासून बंद. आईच्या अंगातल्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती थोडी सुजते, मुलगा असो की मुलगी, आणि हात लावला नाही तर आपोआप उतरते. पिळली की गळू होतं, लेकरू तापाने फणफणतं. नाकात तेलाचे थेंब सोडणं बंद. ते थेंब फुप्फुसात उतरतात आणि तेलाचा न्यूमोनिया होतो. बाळाला पाय धरून उलटं झुलवणं बंद. सिझेरियन झालेल्या बाईचं पोट डॉक्टरांना विचारल्याशिवाय रगडायचं नाही. टाळूवर तेल ठेवा, अंगाला हळुवार हात फिरवा, बाळंतिणीची पाठ शेका, ओव्या म्हणा, त्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. तुमच्याकडे कागद नाही याची लाज बाळगू नका. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अंगात असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन ते मान्य करण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. दर रविवारी दुपारी दोन ते पाच माझ्या खोलीत या. अर्ज मी भरून देईन, काय टाळायचं ते करून दाखवीन, एक पैसा घेणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी बोलायला मला फार जड जाते. मुंबई-पुण्यात स्पावर छापा पडला की अनैतिक व्यापार रोखणाऱ्या पिटा कायद्याखाली गुन्हा होतो, मुलींची 'सुटका' होते, दुसऱ्या दिवशी ओढणीने तोंड झाकलेल्या रांगेचा फोटो छापून येतो. त्या रांगेत कधी कधी खरोखरच हात चालवून पोट भरणारी, रीतसर शिकलेली मुलगीही उभी असते. माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीला मसाजचं काम करते म्हटल्यावर तीन घरमालकांनी खोली नाकारली. चौथ्याने दिली आणि रात्री दार वाजवलं. ती परत गावी गेली. पोलीस, घरमालक, गिऱ्हाईक, कोणाकडेच कोण खरं आणि कोण आडोसा घेतलेलं हे तपासायची वही नाही. ज्यांनी मसाजच्या पाटीआड दुसरा धंदा चालवला त्यांनी आमच्या पोरींचं नाव विकलं, आणि ज्यांनी तीन दिवसांत कागद वाटले त्यांनी तो आडोसा स्वस्त करून दिला.

हे दुसरीकडेही घडलेलं आहे. १८९४मध्ये लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या घरांचा बभ्रा झाला, ब्रिटिश मेडिकल जर्नलने त्यावर झोड उठवली. तेव्हा परिचारिकेचं आणि सुईणीचं शिक्षण घेतलेल्या चौघीजणी पुढे आल्या आणि शिकलेल्या मालिशकर्मींची संस्था काढली. सरकारची वाट बघितली नाही. परीक्षा घेतली, नियम घातले: डॉक्टरांच्या सूचनेशिवाय काम नाही, पुरुषांना मालिश नाही, भलतीकडे जाहिरात नाही. नियम मोडला की नाव कमी. १९२०मध्ये त्या संस्थेला राजाची सनद मिळाली आणि आज ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची मुख्य संस्था तीच आहे. चौघींनी त्या दिवसांत आपल्याच धंद्यातल्या लोकांचा रोष घेतला असणार, याचा मी या महिन्यात फार विचार करते आहे. जपानने १९४७मध्ये कायदा केला. तिथे मालिश करायला तीन वर्षं शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या अंध माणसांना त्यात मानाची जागा आहे. केरळच्या पर्यटन खात्याने आयुर्वेद केंद्रांची ग्रीन लीफ, ऑलिव्ह लीफ अशी प्रतवारी केली तेव्हा पदवीधर वैद्याची देखरेख आणि स्त्रियांना स्त्री, पुरुषांना पुरुष ही अट घातली. आपल्या राज्याला हे अवघड आहे असं मी मानत नाही.

म्हणून आता मुदतीचं.

शिबिरं भरवणाऱ्यांनी पाडव्यापर्यंत तीन दिवसांची, सात दिवसांची, ऑनलाइन झटपट प्रमाणपत्रं बंद करायची. ज्यांना आजवर कागद दिले त्यांना परत बोलवायचं, काय शिकवलं नाही ते लेखी सांगायचं, आणि ज्यांना पैसे परत हवेत त्यांना ते द्यायचे. अस्थिसंधान हा शब्द तर आजच पाटीवरून पुसा, पाडव्याची वाट बघू नका.

केंद्रचालकांनी भिंत साफ करायची. गुमास्ता ठेवा, तो कायद्याने लागतो, पण त्याच्यावरचं 'सरकारमान्य' काढा. त्याऐवजी काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, कुठे शिकला, किती तास शिकला आणि कोणत्या नोंदणीकृत वैद्याच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करतो, त्यांचा नोंदणी क्रमांक, हे सगळ्यांना वाचता येईल एवढ्या अक्षरात लावा. हात लावण्याआधी विचारायचे प्रश्न कागदावर छापून घ्या आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्या: पडलात का, शस्त्रक्रिया झाली का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, गरोदर आहात का, एकच पाय सुजलाय का. खोलीच्या दाराची आतली कडी काढून टाका. हे करायला एक आठवडा पुरतो. मी महिने देते आहे.

गिऱ्हाइकांनी पाडव्याची वाट बघायची नाही. आजपासून विचारा. कुठे शिकलात, किती दिवस, आणि मला मालिश कधी करणार नाही? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही त्याच्या टेबलावर झोपू नका. मुलगा पडला, हात सुजला तर तेल नको, एक्स-रे. नुकसान झालं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तुम्ही केंद्राला दिलेल्या रकमेवर तिथलं शुल्क ठरतं, पाच लाखांपर्यंत ते लागत नाही, आणि वकील केलाच पाहिजे असं नाही. पावती मागून घ्या, नाहीतर तुमच्या हातात काही राहणार नाही.

सरकारकडे माझी एकच मागणी आहे आणि ती मी लेखी पाठवली आहे. मालिश करून पोट भरणाऱ्यांची राज्याची नोंदवही. त्यात आजीच्या हाताखाली शिकलेलीला परीक्षा देऊन येता आलं पाहिजे, अंध कारागिराला येता आलं पाहिजे, आणि चूक करणाऱ्याचं नाव खोडण्याचा अधिकार त्या वहीला असला पाहिजे. नुसती नोंदणी फी गोळा करणारी खिडकी उघडलीत तर आम्ही ती मान्य करणार नाही.

माझ्याकडे एक निळी फाईल आहे. त्या पोराच्या फ्रेमीतल्या कागदाची प्रत तिच्यात पहिली होती. त्यानंतर लोकांनी आणून दिलेल्या प्रती, पाट्यांचे फोटो, जाहिरातींची पत्रकं, पावत्या, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांची सहीनिशी निवेदनं. प्रत्येक कागदावर तारीख आहे. ज्यांच्या नावाचे कागद आहेत त्या प्रत्येकाला मी पोचपावतीच्या टपालाने कळवलं आहे, त्यांनी ते नाकारलं तरी पाकिटावर शेरा येतो आणि मला तेवढा पुरतो. पाडव्याआधी जो येऊन सुधारणा दाखवेल त्याचा कागद मी फाईलमधून काढून त्याच्या हातात देईन. त्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचा कागद मी फाईलमधून काढलेला आहे. तो गेल्या महिन्यापासून माझ्याकडे शिकायला येतो, अजून त्याला कोणाच्या अंगाला हात लावू दिलेला नाही.

पाडव्यानंतर कचेऱ्या उघडतील त्या पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाला मी सांगलीत जिल्हा ग्राहक आयोगात असेन. तिथून पोलीस ठाण्यात, फसवणुकीच्या आणि जिवाला धोका पोचवण्याच्या तक्रारी घेऊन. तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात, बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समितीकडे. त्या मुलाची आई माझ्याबरोबर येणार आहे, मुलालाही आणणार आहे. सरांचा कागद अजून फाईलमध्येच आहे.